फ्लेक्सवरचं बाळ

हुडकेश्वर, नागपूर
२१ नोव्हेंबर २०२३

सौरव,

वर 'प्रिय' लिहिलेलं नाही. विसरले असं समजू नकोस.

कागदावर लिहिते आहे, कारण व्हॉट्सअॅपवर काही लिहिलं की तू ते तुझ्या त्या ग्रुपवर टाकतोस. मागे मी 'हर्षितला आज ताप नाही' एवढंच लिहिलं होतं. ते 'पीडित मातेचा संदेश' म्हणून गावभर फिरलं आणि आमच्या शाळेच्या शिपायाने मला ते दाखवलं. कागदाचाही फोटो काढता येतो, मला कळतं. निदान पाकीट फाडायचे कष्ट तरी पडतील.

रितिका न सांगता काहून निघून गेली, असं तू सोनिकाला विचारलंस म्हणे. तुझ्या बहिणीला काय विचारतोस, मीच सांगते.

शनिवारी हर्षितला तुझ्या आईजवळ, आत्याबाईंजवळ ठेवून मी धरमपेठेत निघाले होते. सिग्नलला थांबले आणि सहज मान वर केली. समोर, त्या हॉस्पिटलच्या फाटकासमोर, दोन खांबांच्या मधे माझं बाळ टांगलेलं होतं. बसएवढं. ऑपरेशननंतर तू पलंगावर काढलेला फोटो. तोंड रडून उघडलेलं, डोळे मिटलेले. कमरेखाली तुम्ही धूसर केलं होतं, पण लाल रंग तेवढा नीट दिसेल असा ठेवला होता. वर मोठ्या अक्षरांत, 'याला कोणी विचारलं होतं का?' खाली तुझं नाव, मोबाईल नंबर आणि 'बालशरीर रक्षण मंच, नागपूर'.

माझ्या शेजारी एक ऑटो उभा होता. त्यातल्या बाईने विचारलं, "काय झालं गा भाऊ त्या पोट्ट्याले?"

ऑटोवाला म्हणाला, "डॉक्टरनं मुसलमान बनवून टाकलं म्हणते." आणि दोघं हसले.

सिग्नल हिरवा झाला. मागचे हॉर्न वाजवत होते. मला गाडी सुरू करता येईना. शेवटी एका कॉलेजच्या पोरीने उतरून माझी गाडी कडेला लावून दिली.

घरी आले तेव्हा तू पोहे खात होतास. मी म्हटलं, त्याचा चेहरा तरी झाकायचा होता. तू घास गिळून म्हणालास, "चेहरा झाकला असता तर लोकायच्या काळजाले भिडलं नसतं." मामाजी बाजूला बसून पेपर वाचत होते. त्यांनी लेकाचं ऐकून मान डोलावली. मी आत जाऊन हर्षितचे कपडे पिशवीत भरले आणि त्याला घेऊन आईकडे आले. एवढंच आहे. यात न समजण्यासारखं काय आहे?

हर्षितचं काय झालं ते तुला माहीत आहे. पण तू ते माईकवर इतक्यांदा सांगितलंस की आता ती तुझी गोष्ट झाली आहे. म्हणून माझी एकदा लिहून ठेवते.

मे महिना होता. हर्षित पाच महिन्यांचा. ताप उतरत नव्हता आणि लघवी करताना तो असा किंचाळायचा की गल्लीतली माणसं दारात येऊन विचारायची. तू साड्यांच्या खरेदीला सुरतला गेलेला, मामाजी दुकानात. डॉक्टर म्हणाले, पुढची कातडी घट्ट आहे, म्हणून इन्फेक्शन होतं, काढून टाकू. सर्कम्सिजन, म्हणाले. मी विचारलं, म्हणजे सुंता? ते हसले. "मेडिकल आहे मॅडम, छोटं काम आहे." मी सही केली. हो, मीच केली. मूल मांडीवर तळमळत असताना समोर डॉक्टर बसलेला आणि मी शाळेत भूगोल शिकवणारी बाई. मला त्या सहीची लाज वाटत नाही. ती वाटावी म्हणून तुम्ही घरच्या सगळ्यांनी खूप मेहनत घेतलीत.

मग रक्त थांबेना. मग जखम पिकली. मग लघवीची वाटच अरुंद झाली आणि ऑगस्टमध्ये दुसऱ्या हॉस्पिटलात पुन्हा ऑपरेशन. तिथले डॉक्टर आपल्या दोघांना म्हणाले, "या वयात कातडी अशीच असते. औषधाने भागलं असतं. थांबायला हवं होतं." तू बाहेर येऊन भिंतीवर मूठ आपटलीस. त्या मुठीला बर्फ मी लावला होता.

आणि पहिल्या दिवशी त्या फाटकासमोर आपण बसलो, तेव्हा चौघंच होतो. तू, मी, सोनिका आणि तुझा एक मित्र. पुठ्ठ्यावर अक्षरं मी काढली होती, माझंच अक्षर चांगलं म्हणून. 'तान्ह्या बाळावर घाईने सुरी चालवू नका.' लोक थांबून वाचत होते. एका म्हाताऱ्याने आपल्याला चहा पाजला होता. तेव्हा मी तुझ्या बाजूला होते आणि त्या डॉक्टरच्या बाजूला मी आजही नाही. पण पुठ्ठ्यावर शब्द होते, सौरव. माझं मूल नव्हतं.

फ्लेक्स काढ. त्याच्या आधी मला फोन करू नकोस.

रितिका


हुडकेश्वर
१६ जानेवारी २०२४

सौरव,

फ्लेक्स तू काढला नाहीस. महानगरपालिकेने काढला, परवानगी नव्हती म्हणून. माझं बाळ ट्रकमध्ये घडी करून नेलं असेल. त्याचं काय करतात कोण जाणे. कुठेतरी भाजीच्या गाड्यावर छत म्हणून लागलं असेल.

तुझा निरोप सोनिकाकडून कळला. 'तिले म्हणा, हे आपल्या एकट्या पोट्ट्याचं नाही, उद्याच्या हजारो पोट्ट्यायचं आहे.' असेल. मग त्या हजारोंमधल्या दुसऱ्या एकाचा तरी फोटो लावायचा होतास.

रविवारी मी फाटकासमोरच्या तुमच्या सभेला आले होते. तुला दिसले नाही, कारण नागपुरात गाडीवरच्या प्रत्येक बाईचं तोंड स्कार्फने बांधलेलं असतं आणि त्याचा पहिल्यांदाच मला उपयोग झाला. रसवंतीच्या बाजूला गाडी लावून उभी राहिले. हर्षितला आईजवळ ठेवलं होतं. ती म्हणत होती, "कायले जातं वं? जिवाले त्रास करून घेतं." पण मला ऐकायचं होतं.

तू चांगलं बोललास. हे लिहायला मला जड जातं. मूल बोलू शकत नाही म्हणजे ते हो म्हणालं असं होत नाही, हे तू म्हणालास तेव्हा माझ्यासमोरच्या एका बाईने पदर डोळ्यांना लावला. मी पण रडले. मला वाटलं, हाच माणूस आहे, ज्याच्याशी मी लग्न केलं होतं. चारचौघांत त्याला 'अहो' म्हणायचे आणि मला त्याचं ओझं वाटत नव्हतं.

मग तू म्हणालास, "बाप होतो मी. मले कोणी विचारलंसुद्धा नाही." मामाजी खुर्चीवर बसले होते, त्यांनी पहिली टाळी वाजवली. तू ते म्हणालास तेव्हा तुझी मान खाली गेली. का गेली, ते तुला आणि मला माहीत आहे. मी अजून कोणाला सांगितलेलं नाही. आईलाही नाही.

त्यानंतर ती गळ्यात पंचे घातलेली पोरं पुढे आली. ती आधी कधी नव्हती. कोणी बोलावली, ठाऊक नाही. त्यातल्या एकाने तुझ्या हातातून माईक घेतला आणि विषय फिरला. आपल्या पोरांचं हे असं करायचं कारस्थान आहे, हे काम 'त्यायचं' आहे, असं सुरू झालं. मग घोषणा. त्या मी कागदावर लिहिणार नाही. डॉक्टर कोण, तर देशपांडे-कुळकर्णी म्हणावा असा शुद्ध आपलाच माणूस, देव्हारा असलेल्या केबिनमध्ये बसणारा. पण ते कोणाला आठवायचं होतं? गर्दी एकदम वाढली. आणि तू माईकची वायर गोळा करत उभा राहिलास, जणू तुझं काम तेवढंच होतं.

सोमवारी स्टाफरूममध्ये नसीम आली नाही माझ्याजवळ. तू तिला ओळखतोस, गणित शिकवते, हर्षितच्या बारशाला चांदीची वाटी घेऊन आली होती. सहा-सात वर्षं आम्ही एका टेबलावर डबा खातो. मीच उठून तिच्याकडे गेले.

म्हटलं, "नसीम, त्या पोरांशी आमचा संबंध नाही गं."

ती वह्या तपासत होती. म्हणाली, "व्हिडिओ पाहिला मी. तुझे मिस्टर शेजारीच उभे आहेत."

मी बाजूची खुर्ची ओढून बसले.

मग तिने पेन खाली ठेवलं. "एक सांगू? माझ्या मुलाचं केलं, तेव्हा मी आत गेले नव्हते. बाहेर कानांत बोटं घालून बसले होते. त्याचा आवाज आला तरी मला. मलाही काही विचारायचं होतं, आमच्या घरात. हळूच, माझ्या पद्धतीने. या वर्षी नाहीतर पुढल्या वर्षी विचारलंही असतं. माझी सून येईल तेव्हा तरी. आता नाही विचारू शकत. आता मी तोंड उघडलं तर मी तुझ्या नवऱ्याच्या लोकांसारखी होते."

आणि पुन्हा वह्या घेतल्या.

तुझं मोठं काम चालू दे. हर्षितचा खोकला बरा आहे. लघवीला अजून वेळ लागतो. बसून राहतो, नळ सुरू करावा लागतो.

रितिका


हुडकेश्वर
७ मार्च २०२४

सौरव,

मी त्या डॉक्टरला भेटून आले.

कोणाला सांगितलं नव्हतं. अपॉइंटमेंट हर्षितच्या नावाने घेतली, म्हणून रिसेप्शनवरची मुलगी एकदम उभीच राहिली. गार्डने माझी पर्स आणि मोबाईल बाहेर ठेवायला लावले. मी ठेवले. डॉक्टर बारीक झालेत. टेबलाच्या पलीकडे त्यांनी खुर्ची मागे सरकवून घेतली, मी काही फेकून मारीन अशी.

मी विचारलं, "थांबता आलं असतं का?"

"हे तुमच्या वकिलांनी विचारावं, मॅडम."

"माझा वकील नाही. मंच माझ्या नवऱ्याचा आहे, माझा नाही. मी त्याची आई आहे. मला झोप लागत नाही, म्हणून विचारते."

त्यांनी टेबलावरचं पेन उचलून खिशाला लावलं. बाहेर कोणाचं तरी मूल रडत होतं. मग म्हणाले, "आलं असतं."

तेच पुढे म्हणाले, "त्या दिवशी बाहेर खूप पेशंट होते. तुम्ही रडत होतात. मला वाटलं, करून टाकू, मोकळे होऊ."

मोकळे होऊ. असं म्हणाले.

तू ज्या शब्दासाठी गेले सहा महिने त्यांच्या फाटकासमोर घसा फोडतो आहेस, तो शब्द त्यांनी मला दिला, कारण मी माईक नेला नव्हता. तो रेकॉर्ड केलेला नाही. तो तुला कुठे लावता येणार नाही.

माफी मागितली नाही. मी उठले तेव्हा तेही उठले, एवढंच. आणि दाराशी म्हणाले, "तुमच्या मिस्टरांचं हे सगळं सुरू झाल्यापासून मी आधी औषध देऊन पाहतो. आईबाप दोघांना समोर बसवतो. बरीच मुलं औषधानेच बरी होतात." म्हणजे तुझ्या आंदोलनाने एवढं झालं. कुठल्यातरी बाईचं मूल वाचलं. हे मला मान्य करावं लागतं, आणि तेच मला सगळ्यात जास्त खुपतं. तू नुसता खोटा असतास तर किती बरं झालं असतं. मनातून काढून टाकता आलं असतं.

'आईबाप दोघांना' हे ऐकून मला तिथे हसू आलं. डॉक्टर घाबरले. त्यांना काय माहीत?

मी फोन केला होता, सौरव. सही करायच्या आधी. नर्स कागद धरून उभी होती, मी तिला थांब म्हटलं आणि तुला फोन लावला. तुझ्या मागे बाजाराचा गलका होता. मी सगळं सांगितलं, कातडीचं, ऑपरेशनचं, सुंता म्हणतात तेही. तू म्हणालास, "डॉक्टर म्हणते तर करून टाक न. मले काहून विचारून राहिली? मी व्यापाऱ्यासमोर बसलो आहो." आणि ठेवलास.

त्यात मी तुझा दोष मानत नव्हते. तू दूर होतास, घाईत होतास, तुलाही काय कळणार. जशी माझी सही, तसं तुझं ते वाक्य. दोन घाबरलेल्या माणसांनी केलेली गोष्ट. आपण दोघांनी ती वाटून घेतली असती तर मी तुझ्यासोबत त्या फुटपाथवर म्हातारी होईपर्यंत बसले असते. पण तू तुझा वाटा माझ्या पदरात टाकलास आणि लोकांसमोर हात झटकून उभा राहिलास. आत्याबाई मला म्हणाल्या, "बापाले न विचारता पोराले कापाले देलं." मी ऐकून घेतलं. वाटलं, तू आता बोलशील. रात्री बोलशील. उद्या बोलशील.

मी हे कोणाला सांगणार नाही. तुला सांगायचं तर तू सांग.

रितिका


हुडकेश्वर
२ जुलै २०२४

सौरव,

सोनिका काल येऊन गेली. तिने सगळं सांगितलं.

तू संविधान चौकातल्या सभेत माईकवर म्हणालास, "माह्या बायकोनं मले फोन केला होता. मीच म्हटलं, करून टाक. तिले दोष देऊ नका. आणि या कामात कोण्या धर्माचं नाव घ्यायचं नाही." मग त्या पंचेवाल्या पोराने माईक ओढला. "भाऊ, हे काय बोलून राहिले तुम्ही? सारा मॅटर खराब करून टाकला." ती पोरं त्यांचा स्पीकर उचलून घेऊन गेली, स्पीकर त्यांचाच होता म्हणे. लोक पांगले. घरी मामाजी बोलत नाहीत. म्हणतात, चारचौघांत नाक कापलं.

सोनिकाला वाटत होतं, हे ऐकून मी पिशवी भरेन. ती तशी बघत होती माझ्याकडे. मी तिला चहा दिला.

खरं बोललास, बरं केलंस. उशिरा बोललास. मला फक्त एवढंच दिसतं की ज्या दिवशी तू खोटं बोललास तो व्हिडिओ अजून फिरतो आहे, परवा माझ्या मावसभावाला अकोल्यात आला. आणि परवाच्या सभेचा व्हिडिओ कोणी काढलाच नाही. सोनिकानेसुद्धा नाही. तिचा फोन चार्ज नव्हता.

नसीमला मी फोन करून सांगितलं. ती म्हणाली, "बरं झालं." मग तिच्याकडे तासाची घंटा झाली आणि तिने फोन ठेवला. जूनपासून तिने दुसऱ्या शाखेत बदली मागून घेतली आहे. मी डबा आता टेबलावर खात नाही, वर्गातच खाते.

तू विचारलंस, परत येशील का. नाही.

रितिका


हुडकेश्वर
१५ डिसेंबर २०२५

सौरव,

वकिलांचे कागद तुला मिळाले असतील. ते मी मागे घेतलेले नाहीत. कालच्या भेटीने त्यात काही बदल होत नाही, हे आधी लिहिते, म्हणजे पुढचं वाचताना तुझा गैरसमज होणार नाही.

हर्षितला जूनमध्ये नर्सरीत घातलं, तेव्हाचं तुला सांगितलं नव्हतं. फाटकाशी एक बाई मला पाहून थांबली, मग त्याच्याकडे पाहिलं. "अय्या, हा तोच ना? ते आंदोलन झालं होतं, त्यातला?" आणि खाली वाकून बघायला लागली. तिची नजर त्याच्या चेहऱ्यावर नव्हती. मी त्याला उचलून घेतलं आणि घरी आणलं. आता तो दुसऱ्या शाळेत जातो, लांब आहे, व्हॅनने जावं लागतं. तिथे त्याचं नाव मी माझ्या वडिलांच्या आडनावाने लिहिलं आहे. तुला राग येईल. येऊ दे.

तू काल येणार म्हणून आईने सकाळपासून घर आवरलं. मी तिला म्हटलं, पाहुणा नाही येत आहे. पण तिने पुरणाचा घाट घातलाच. तू आलास, पाया पडलास, खेळण्यातला ट्रॅक्टर दिलास. हर्षितने तो घेतला आणि तुझ्याकडे न बघता सोफ्याखाली चालवायला लागला. तू जमिनीवर बसलास. मला वाटलं होतं तू काहीतरी बोलशील, आपल्याबद्दल, त्या सगळ्याबद्दल. तू बोलला नाहीस. ते मला चाललं.

मग तो उठून बाथरूममध्ये गेला आणि दार लोटून घेतलं. त्याला आत वेळ लागतो, हे तुला माहीत होतं. नळाचा आवाज आला. थोड्या वेळाने त्याचं कुंथणं आलं. ते ऐकून तुझा चेहरा कसा झाला, मी पाहिलं. तू उठलास. "धार कशी येते, पाहतो न मी एकवार. डॉक्टरले सांगता येईल." तुझा हात दारावर गेला होता.

मी म्हटलं, "त्याला विचार."

तू माझ्याकडे पाहिलंस. मग दारावर बोटाने टकटक केलीस. "हर्षू, मी येऊ का गा आत?"

आतून लगेच आलं, "नको."

तू हात काढून घेतलास. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली होती, कुजबुजली, "अगं, बापच आहे न तो. जाऊ दे न त्याले आत. तीन वर्षाच्या पोट्ट्याले काय समजते?"

तू तिच्याकडे वळून हळू म्हणालास, "नाही म्हणून राहिला न तो, आई."

आणि बाहेर भिंतीला टेकून उभा राहिलास, त्याचं होईपर्यंत. त्याने हाक मारली ती मला. तू बाजूला झालास.

हे पाहून मला बरं वाटलं असं लिहावं, असं आईचं म्हणणं आहे. ती समोरच बसली आहे. मी तसं लिहीत नाही. मला राग आला, सौरव. रात्रभर आला. इतकं सोपं होतं ते.

रितिका